पट्ट्यावरचा सातवा चरा

मी, वय एकसष्ट, धंदा दाढी-कटिंग, सकाळचा चहा घेऊन, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर दबाव आणायची कोणाची छातीही नाही.

कलम १. राहते घर व बँकेतली ठेव माझ्या पश्चात लेकीला मिळावी. ह्यांना घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील. सोफा तिने खुशाल टाकून द्यावा, मला तो कधीच आवडला नाही.

कलम २. माझ्या नावावरचे दुकान ह्यांना मिळावे. पंधरा वर्षांपूर्वी ह्यांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा धाकटे भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, दुकान विका. बाईच्या हातात मान कोण देणार?" मी वस्तरा उचलला. आधी हात बसावा म्हणून फुग्यांना साबण लावून त्यांची दाढी केली, ढीगभर फोडले, मग ह्यांच्या गालावर आले. पहिल्याच दिवशी तीन ठिकाणी कापलं. मी रडकुंडीला आले, तर हे म्हणतात, "अगं, तीनच! मी माझ्या बापाला पाच ठिकाणी कापलं होतं. कातडी ताण आणि श्वास घे, नाहीतर माझ्याआधी तूच जाशील."

सहा महिन्यांनी भाऊजी मुकाट खुर्चीत येऊन बसले. त्यांची मान मी आजवर शाबूत ठेवली, याची नोंद असावी. हल्ली महिनाभर ते दाढीला फिरकलेले नाहीत. आज सहीला आलेत ते एवढ्या उकाड्यात गळ्याला मफलर गुंडाळून. तरी भिंतीवरचा मोठा आरसा त्यांना द्यावा.

कलम ३. वस्तरा. ह्या कलमापायी दोन वर्षं सगळं अडलं होतं. हे माझ्याशिवाय कोणाला गालाला हात लावू देत नाहीत. मी आधी गेले तर ह्यांची दाढी कोण करणार, ह्या विचाराने जीव टांगणीला लागला होता. लेकीला रक्त बघून भोवळ येते.

धार लावायच्या चामडी पट्ट्यावर सहा चरे आहेत. पट्ट्यावर वस्तऱ्याची पाठ पुढे ठेवायची असते. नवशिका धारच पुढे ढकलतो आणि चामडं कापतो. सहाही चरे माझे. गेल्या महिन्यात सातवा दिसला, उलटीकडे झुकलेला. तो डाव्या हाताचा. मग मोरीमागे फुटके फुगे सापडले. परवा ह्यांच्या हनुवटीवर ताजी जखम, वर तुरटी. विचारलं तर म्हणे, "मांजराने ओरबाडलं." आमच्याकडे मांजर नाही.

अडुसष्ट वर्षांचा माझा नवरा मला चोरून डाव्या हाताने दाढी शिकतोय! मला इतका आनंद झाला की मागच्या खोलीत जाऊन पोटभर रडले.

सबब वस्तरा, पट्टा व तुरटी ह्यांनाच मिळावी. अट एकच. मी आहे तोवर दाढी माझ्याकडूनच करून घ्यायची. फुग्यांचं नवं पाकीट मी खणात ठेवलं आहे. साक्षीदारांनी ह्यांच्यापाशी अवाक्षर काढू नये.

स्थळ: दुकान, खिडकीजवळची खुर्ची. ता. ९ मे, सुट्टीचा दिवस.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: शेजारचा शिंपी. (सही) वाचून पाहिले, बरोबर आहे.

साक्षीदार २: धाकटा दीर. (सही) वहिनी, फुगे मीच आणून देत होतो. ते संपले की दादा माझ्यावर शिकतो. मान मीच दिली. मफलर त्यासाठी आहे.