शेखरकाकांचं जपानी व्याख्यान

सेरंगून, सिंगापूर
२ मे २०२४

ती. शेखरकाकांस,
ऋताचा सा. न.

फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, म्हणून हे पत्र. आधी पाणी प्या. आठ जूनला आमच्या इथल्या मराठी मंडळात 'जपानी राजकीय गटांच्या नावांतले श्लेष' या विषयावर व्याख्यान आहे, आणि पत्रिकेवर वक्ते म्हणून तुमचं नाव छापून झालंय. तुमची आणि काकूची तिकिटं वेदांतनं काढली आहेत. बायकोला नाही म्हणायची त्याची हिंमत नाही.

कान गेले म्हणून तुम्ही जपानीचा वर्ग बंद केलात, त्याला दोन वर्षं झाली. तुम्ही दिवसभर खिडकीशी बसता असं काकू सांगते. मला ते बघवत नाही.

रागासकट माया असू द्यावी.
ऋता

पुणे, १४ मे

चि. ऋतास,
अ. उ. आ.

न विचारता नाव छापणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. श्लेष हा कानाचा खेळ. 'शिबाकिताइ' हे वर्णद्वेषाविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका गटाचं नाव. 'शिबाकि' म्हणजे झोडपणं; 'ताइ' म्हणजे तुकडी, आणि तोच उच्चार क्रियापदाला लागला की 'करायचंय'. म्हणजे झोडपणारी तुकडीही, आणि झोडपायचंयही. हे मी बहिऱ्यानं सांगायचं? लोक हसले तर विनोदाला की मला, हेही कळायचं नाही.

काकूनं बॅग भरायला घेतली आहे. तिला तूच आवर.

तुझा,
काका

सेरंगून, २४ मे

ती. काकांस,
सा. न.

काकूला आवरणं माझ्या हातात नाही. प्रश्न चिठ्ठीवर लिहून देतील, हे मी सगळ्यांना बजावलंय. बाकी तुम्ही समोर बघून बोला. वर्गात पाठीमागचा चुळबुळ्या तुम्हांला बरोबर दिसायचा.

वाट पाहणारी,
ऋता

पुणे, २५ जून

चि. ऋतास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. लायब्ररीतल्या व्याख्यानाची ती दुपार अजून डोळ्यांपुढून जात नाही. 'ताइ' सांगितल्याबरोबर पहिल्या रांगेतल्या तुमच्या मंडळाच्या सविताबाई ओढणीनं डोळे पुसायला लागल्या आणि तुझ्या मैत्रिणीनं, अवनीनं, पोट धरलं. हसू दिसतं, हे मला पंचाहत्तरीत कळलं. चिठ्ठ्या बेचाळीस आल्या. 'अंकल, वन मोअर लाह' ही तुमच्या सिंगापुरी इंग्रजीतली चिठ्ठी अवनीचीच ना?

सोमवारपासून वर्ग पुन्हा सुरू केला. आठ जण आहेत. तुझी काकू पहिल्या बाकावर बसते आणि मी फळ्याकडे वळलो की माझी नक्कल करते. वळून पाहावं तर सगळे लालबुंद, ओठ घट्ट मिटलेले. मलाच हसत असणार. हसू देत. मी मुद्दाम पुन्हा फळ्याकडे वळतो.

आगाऊपणा असाच चालू ठेव, हा आशीर्वाद.
तुझा,
काका