गाण्यात नसलेलं नाव

सोमवार, ४ जून १९८४

मॉरीन काही पिच्छा सोडत नाही. शनिवारी फॅक्टरीच्या सोशल क्लबात कंट्री अँड वेस्टर्न नाइट, म्हणजे काउबॉयांची गाणी, तर आमच्या पॅकिंग लाइनचं स्वतःचं गाणं हवं म्हणे. आठवडाभर राबायचं, वीकेंडला धमाल करायची, असलं काहीतरी. चूक माझीच! टी-ब्रेकमध्ये मी उखाण्यांचं बोलून बसले, आमच्यात नवऱ्याचं नाव यमकात गुंफून घेतात म्हणून. झालं! "यू राइट इट, देन." इंग्लंडातल्या स्लाऊत बिस्किटं भरणाऱ्या बायका काउबॉय होणार आणि त्यांचं गाणं लिहिणार कोण, तर सांगलीची प्रमोदिनी!

गुरुवार, ७ जून

जमलं! चौघींची चार कडवी. अगदी उखाण्यासारखं – नाव आलंच पाहिजे, आणि नावाबरोबर त्या माणसाची खरी गोष्ट. यमकाला मॉरीनला कँटीन, पॅटला हॅट. ग्लेनिसला टेनिस. टेनिस आमच्यात कोणी खेळत नाही, पण इलाज नव्हता. ब्रेंडाचं अडलं, तेव्हा मॉरीन म्हणाली, 'वीकेंडा' म्हण, कंट्रीत चालतं.

घरी नवऱ्याला, उदयला, वाचून दाखवलं. जानेवारीत त्याची नोकरी गेल्यापासून आज पहिल्यांदा मोकळा हसला. त्यालाही काही खटकलं नाही.

रविवार, १० जून

काय करून बसले मी!

काल क्लब खच्चून भरलेला. मॉरीन हॅट घालून गायली, लोक टेबलं बडवत होते. पहिल्या रांगेत मॅनेजर मिस्टर प्रिचर्ड, बायकोसकट. तेही टाळ्यांनी ठेका धरत होते. धृपद इंग्रजीत, पण मराठीत सांगायचं तर असं – शुक्रवारी आम्ही साडेतीनला पसार, कार्ड म्हणतं साडेचार! दुसऱ्यांदा धृपद आलं आणि त्यांचे हात थांबले.

खरी गोष्ट सांगायची होती ना? सांगितली. नावानिशी! दर शुक्रवारी ह्या चौघी तासभर आधी सटकतात – केस सेट करायला, पबला. साडेचारला हजेरीच्या घड्याळात त्यांची कार्डं मारते मी. मी पबला जात नाही, म्हणून ते काम आपोआप माझ्याकडे आलं. दोन वर्षं झाली.

सोमवार, ११ जून

ऑफिसने सगळी जुनी कार्डं वर मागवली. दिवसभरात बिस्किटांची तीन पाकिटं फोडली मी.

मंगळवार, १२ जून

चौघींना एकेकीला वर बोलावलं. मला नाही. उखाण्यात स्वतःचं नाव कोण घेतं? गाण्यात मी कुठेच नाही! ग्लेनिस सांगत होती, प्रिचर्ड एकच विचारतात, कार्डं कोण मारतं? तिने नाव सांगितलं नाही. चौघींपैकी कोणीच नाही.

बुधवार, १३ जून

डबा तसाच परत आणला. मीनल विचारते, आई, तुला बरं नाही का.

गुरुवार, १४ जून

मॉरीनला क्लोकरूममध्ये गाठलं. म्हटलं, मी वर जाऊन सांगते सगळं.

"डोन्ट बी डाफ्ट, लव्ह."

वेडेपणा करू नकोस, आम्हाला धरलंच आहे, म्हणाली, तू कशाला पाचवी? तुझ्या घरी एकच पगार येतो. तिच्या घरी तरी दोन कुठे येतात! तिचा नवरा वर्षभर पाठीच्या दुखण्याने घरी आहे. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याचीच जास्त लाज वाटते.

उदयला विचारलं. "तुला पटेल ते कर," म्हणाला आणि जॉब सेंटरचे कागद चाळत बसला.

उद्या सांगणार. नक्की.

शुक्रवार, १५ जून

वर गेले. वाक्य घोकून ठेवलं होतं – इट वॉज मी. तोंड उघडायच्या आत प्रिचर्ड म्हणाले, बरं झालं आलात. त्या लाइनवर स्वच्छ कार्ड एकट्या तुमचं. चौघींना आजच कमी केलंय, सोमवारपासून तुम्ही चार्जहँड. पांढरा कोट पुढे केला, मुकादमाचा.

माझ्या तोंडून थँक यू निघालं.

जिन्यात मॉरीन भेटली. लॉकरमधलं सामान पिशवीत होतं. तिने कोटाकडे पाहिलं, भिंतीला सरकली आणि मला वाट दिली.