चार उभ्या व्हॅक्युम क्लीनरची माझ्यामागची व्यवस्था

मी, रोशनी भिकन खैरनार, वय सत्तावीस, शिक्षण बी.एस्सी. (आमच्या घरातली पहिली पदवी, म्हणून लिहिते), महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक, राहणार सातपूर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची झडप नाही; ती सोमवारी बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "आम्ही हे ऑपरेशन रोज करतो." ते रोज करत असतील, मी पहिल्यांदाच करून घेते आहे.

१. बँकेत जे आहे ते माझी आई बयाबाई हिला. वडील हयात नाहीत. यावर जास्त लिहीत नाही, कारण मला धड बसू देत नाहीत ते बँकेचे पैसे नव्हेत. मागच्या खोलीतले चार जुने व्हॅक्युम क्लीनर आहेत. मी नसले तर ते भंगारात जातील. हा विचार आला की मी उठते, खोलीत जाऊन त्यांना बघते आणि परत येऊन लिहायला बसते.

२. ज्यांना हसू येईल त्यांच्यासाठी. ही नळी ओढत न्यायची यंत्रे नव्हेत, उभी आहेत. खाली लोखंडी डोके, त्यात फिरणारा ब्रश, वर लांब दांडा आणि दांड्याला कापडी पिशवी. देवळालीच्या एका बंगल्यातून आणलेल्या यंत्राला पुढे दिवासुद्धा आहे. पलंगाखाली शिरले की उजेड पडतो. धाकटा भाऊ महेश म्हणतो, "ताई, लोक नाणी जमवतात. तू झाडू जमवतेस, तेही करंटवरचे." म्हणू दे. केर काढणाऱ्या माणसाने वाकू नये, असा विचार कोणीतरी कधीतरी केला आणि तो लोखंडात ओतला. मला तो दर वेळी नव्याने दिसतो.

३. डाळिंबी पिशवीचे यंत्र आईला. त्याची हकीकत अशी. आई गंगापूर रोडला सरोजिनीबाईंच्या बंगल्यावर कामाला होती. त्यांच्याकडे हे परदेशातून आलेले. एकदा शाळा सुटल्यावर मी तिथे गेले, तर आई केर काढत होती आणि तिचा चेहरा मला दिसत होता. तोवर केर काढणारी आई म्हणजे मला फक्त तिची पाठ माहीत होती.

लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणी पुजतो. बंगल्यातली केरसुणी हीच, असे धरून आईने यंत्राला हळद-कुंकू लावले, अक्षता टाकल्या, झेंडूचा हार घातला. पाडव्याला बटण दाबले तर तांदूळ पंख्यात गेले, हाराचा दोरा ब्रशला गुंडाळला गेला आणि पट्टा जळाला. सरोजिनीबाई म्हणाल्या, "बयाबाई, घेऊन जा हे भंगार." पुढे कामही गेले. गल्लीतल्या मोटार वाइंडिंगवाल्या खंडेरावकाकांनी मला ते उघडायला शिकवले. ते चालू लागले. पिशवी झटकली की अजून लाल कण निघतात.

४. सरोजिनीबाईंचे चिरंजीव विश्वेश यांनी मागच्या वर्षी माझ्या यंत्राचा फोटो मोबाइलवर पाहिला आणि घरी आले. "आमच्या आजोबांची आठवण आहे ती."

"देताना भंगार होतं," मी म्हणाले.

"आई रागात बोलली असेल गं."

माझ्या आईने त्यांना चहा दिला. मी दिला नसता. म्हणून लिहून ठेवते की विश्वेश यांना या यंत्राचा स्क्रूही मिळू नये. आठवण फार आली तर यावे, आणि ते चालवून आमची खोली झाडून द्यावी.

५. उरलेली तीन यंत्रे माझ्या प्रयोगशाळेला. प्रयोगशाळेच्या प्रमुख तेजस्विनी मॅडमनी ताब्यात घ्यावीत. काचेच्या कपाटात ठेवू नयेत. मुलींनी ती उघडावीत, पंखा हवा कशी ओढतो ते पाहावे, आणि व्हरांडा झाडणाऱ्या मावशींना हवी तेव्हा द्यावीत. दिव्याचे यंत्र एकशे दहा व्होल्टचे आहे, ट्रान्सफॉर्मरशिवाय लावले तर जळेल. महेश, हे तुला सांगते आहे. यंत्रे गेल्यावर खोली तुझी. विंचूरहून आणतोस त्या कांद्याच्या गोण्या खुशाल ठेव. आधी नको.

६. इथवर लिहून झाल्यावर आज खंडेरावकाका साक्षीदार म्हणून आले. तेजस्विनी मॅडमही येणार होत्या, पण यंत्रे त्यांच्या ताब्यात जाणार, म्हणून वकिलांनी त्यांना साक्षीदार करू नका असे सांगितले. मी सगळे आईला वाचून दाखवले. आमचे मूळ सटाण्याकडचे, आई चिडली की तिकडची बोली येते.

"साक्षीदारले काय भेटस?" तिने विचारले.

"काहीच नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये."

"मंग मी साक्षीदार."

खंडेरावकाका म्हणाले, "वहिनी, तुम्ही सही केली तर मशीन तुमचं नाही राहायचं."

"नको माले. पोरनी वस्तू मायनी लेवानी का?" आणि माझ्याकडे वळून, "आन पेन."

मी कायदा समजावला. पेन लपवला. तिने काकांच्या खिशातला घेतला.

७. सबब कलम १ आणि ३ मधले आईला दिलेले सर्व रद्द. बँकेतले महेशला, त्याने आईला विचारून खर्च करावे. डाळिंबी पिशवीचे यंत्र कोणालाही दिलेले नाही. दुसरे नाव सुचते का म्हणून मी पुष्कळ विचार केला. सुचत नाही. म्हणजे ते माझेच राहिले, आणि सांभाळायला मला घरी यावे लागेल. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला त्याला फक्त हळद-कुंकू लावावे. हार मी आल्याशिवाय घालू नये. पाडव्याला काढायचा राहून जातो.

वरील मजकूर मी वाचून, समजून, आईपुढे हरून सही करत आहे.

(सही) रोशनी भिकन खैरनार

साक्षीदार
१. (सही) खंडेराव, मोटार वाइंडिंग, सातपूर
२. (सही) बयाबाई भिकन खैरनार. काही घेतलेले नाही.

ठिकाण: नाशिक
दिनांक: ४ सप्टेंबर २०२५