वरून तिसरं बटण

सोमवार, संध्याकाळ. गारखेडा.

आज चहा पिताना हे म्हणाले, "फसलो आपण. मत वाया गेलं." दिल्लीला पाठवलेला माणूस निवडून आल्यापासून इकडं फिरकलाच नाही.

मी विचारलं, "मत दिलं तेव्हा त्याच्याबद्दल काय माहीत होतं आपल्याला?"

"वरून तिसरा होता."

बस, एवढंच! भाऊजींनी बजावलं होतं, वरून तिसरं बटण. सगळ्या घरानं तेच दाबलं. मीसुद्धा. वांगी घेताना एकेक उलटून बघते मी, अन् इथं? कसं काय ऐकलं मी?

भाऊजीही चहाला बसले होते, ते लगेच म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी नीट विचार करून सांगतो."

"सांगूच नका," म्हणलं. "मला वाचता येतं."

ह्यांनी डोळे वटारले. वटारू देत. वरून तिसरं म्हणे! पुढच्या वेळी कुठलं दाबलं, ते ह्यांनाही सांगणार नाही.