दाराखालची पाचर

मी, ज्ञानदीप दगडू तायडे, वय वर्षे एकोणचाळीस, धंदा कम्प्युटरचं दुकान, राहणार परदेशीपुरा, इंदूर, आज पूर्ण शुद्धीवर असून, कुणाच्या दाबाखाली किंवा कसल्या अमलाखाली नसून, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. मला आजार नाही. बी.पी. नाही, शुगर नाही. तरी हे का लिहितो ते आधी सांगतो, म्हणजे वाचणारा उगाच डोकं खाजवत बसणार नाही.

उद्या रविवारी सकाळी मी आमच्या बंद मिलमध्ये जाणार आहे. तिथे बॉयलरपासून चिमणीपर्यंत जमिनीखालून धुराचा बोगदा गेलेला आहे, त्यात उतरणार आहे. माझा धाकटा भाऊ संघदीप सहा वर्षांपूर्वी घरातून गेला, तो त्या बोगद्यात आहे असं माझं मत झालं आहे. सोमवारी भंगारवाल्या ठेकेदाराची माणसं बोगदा मलब्याने बुजवणार आहेत. मग तिथे प्लॉट पडतील, बंगले होतील, आणि माझ्या भावावर कुणाची तरी मारुती उभी राहील. ते मला चालणार नाही.

आणि त्यासाठी मृत्युपत्रच का, तर आमच्या घरची रीत आहे. माझ्या दुकानात एका प्रकारचे खेळ आहेत. पडद्यावर चित्र येतं, खोलीचं नाहीतर अंगणाचं. माऊस न्यायचा आणि क्लिक करायचं. टेबलावर चाकू दिसला, उचलायचा, पिशवीत टाकायचा. पुढे कुठेतरी दोर कापायला तो लागतो. धावपळ नाही, गोळीबार नाही. आमची आई चंपाबाई हिला इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण ती आम्हा तिघा भावंडांच्या पाठीमागे बसायची आणि आमच्याआधी तिला दिसायचं. "त्या घड्याळामागे काय चमकतंय रे?" बंद दार आलं की तिचं एकच म्हणणं, "आधी सेव्ह कर, मग दार उघड." सेव्ह म्हणजे खेळ तिथवर जतन करून ठेवणं. पुढे काही वाईट झालं, तर तिथून परत सुरू करता येतो. उद्या मला दार उघडायचं आहे, म्हणून आज हे लिहितो आहे.

कलम १. परदेशीपुऱ्यातलं घर आईच्या नावावर आहे, त्यावर मी काही लिहू शकत नाही. बँकेत माझं जे असेल ते तिचं. घरातल्या पत्र्याच्या पेटीत पांढऱ्या लट्ठ्याचा, म्हणजे जाड सुती कापडाचा, एक तागा आहे. बाबांच्या लूमवर निघालेला तो शेवटचा माल. "संघदीपच्या लग्नात सगळ्यांना पांढरे कपडे याचेच," असं म्हणून आईने त्याला आजवर कात्री लावू दिलेली नाही. माझी बहीण मोनाली हिने एकदा उशीचे अभ्रे मागितले, तर आई दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती. तागा आईचा आहे. त्याचं काय करायचं ते तीच ठरवील.

कलम २. आजोबा महूच्या पलटणीत होते. त्यांचा पितळी बक्कल असलेला पट्टा मोनालीने न्यावा. लहानपणी तो मला मिळाला म्हणून ती रुसली होती, आणि अजून राखीच्या दिवशी टोमणा मारते. घे बाई. आता तरी गप्प बस.

कलम ३. अन्नपूर्णा रोडवरचं दुकान, त्यातले सगळे कम्प्युटर, खुर्च्या आणि सीड्या मी माझी बहीण मोनाली, राहणार मानपूर, हिला देतो. दुकानात पोरं येतात ती गोळ्या झाडायला येतात. माझा त्यांच्यावर राग नाही, त्यांच्यावरच दुकान चालतं. पण कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर गोळीबाराचा एकही गेम घालू नये. त्या मशीनमध्ये आमचा गेम आहे.

तो कसा झाला ते लिहिणं भाग आहे. मिलला कुलूप लागलं तेव्हा संघदीप वीव्हिंगमध्ये, म्हणजे विणकामाच्या खात्यात, बदली कामगार होता. तुटलेला धागा तो न बघता जोडायचा. गेटवर एक नोटीस लागली आणि ती कला कुणाच्या कामाची राहिली नाही. नवं धोरण आलं, बाजार खुला झाला, दुकानांत परदेशी चॉकलेटं आली, आणि माझा भाऊ ओट्यावर बसून राहिला. मग मी हे खेळ घरी आणले. त्याच्यात फरक पडला. एक दिवस मला म्हणाला, "भिया, एक बात बघितली का तू? या गेममध्ये भंगार काहीच नाही. तुटका चमचापण शेवटी कामाला येतो." मला आजही या खेळांबद्दल कुणी विचारलं, त्यांत एवढं काय आहे म्हणून, तर मी हेच सांगतो. यापेक्षा चांगलं मला सुचलेलं नाही.

त्यानेच मग आपल्या मिलचा गेम काढला. तो भिंतीच्या तुटक्या भागातून आत जायचा, एकेक खातं कागदावर काढून आणायचा, आणि मी ते कम्प्युटरवर चढवून रंगवायचो. खेळणाऱ्याने बंद मिलमध्ये शिरायचं, वस्तू गोळा करायच्या, आणि शेवटी चिमणीतून पुन्हा धूर काढायचा. आम्ही दोघांनी एक नियम ठरवला होता की आपल्या मिलमध्ये कुणी मरणार नाही. बाहेर पुष्कळ मरत होते. त्याला तर सवयच लागली, दिसलं की उचल. शटल, बॉबिन, तेलाची कुपी, कुणाचा तरी चहाचा कप. आई ओरडायची, घर काय कबाडखाना आहे का म्हणून. तो हसायचा. "आई, आगे काम येईल." शेवटची एकच खोली राहिली होती, चिमणीखालची. गेममध्ये ते दार क्लिक केलं की "अजून नाही" असं येतं, आणि पडदा काळा राहतो. तो अजून तसाच आहे.

मग तो गेला. सुरतला पावरलूमवर जाईन, असं तो म्हणतच होता. एका दुपारी बाहेर पडला तो आला नाही, आणि बॅग घरातच राहिली. गल्लीतल्या दोघांनी छातीठोक सांगितलं की सुरतेला दिसला. मी तिथली गल्ली न् गल्ली पालथी घातली. पोलीस ठाण्यातले साहेब म्हणाले, "जवान लड़का है, चला गया होगा. आ जाएगा." मिलच्या शेड आम्ही बघितल्या. बोगद्याचं दारही मी स्वतः बघितलं होतं. त्याला बाहेरून कडी होती. बाहेरून कडी लागलेल्या दाराआड माणूस असेल, असं कुणाच्या मनात येतं? आई सगळ्यांना सुरतच सांगते. "बिझी असेल. सुरतेला काय, श्वास घ्यायला वेळ नसतो." मी तिला कधी अडवलं नाही.

कलम ४. श्री. वेदांत रानडे, पुण्याहून इथे सॉफ्टवेअरच्या नोकरीला आलेले, यांना आमचा गेम कुठल्याही कारणाने देऊ नये. ते माझ्या दुकानात येतात, आमचा गेम त्यांनी बघितला आहे. मला म्हणाले, "ज्ञानदीपजी, हा प्रकार संपला हो. कुणाला थांबायला वेळ नाहीये. पण तुमची मिल जबरदस्त आहे. बंदुका टाका त्यात. लूममागून भुतं येऊ द्या." जिथे माझ्या बापाने रात्रपाळ्या केल्या, तिथे भुतं सोडायची. मी त्यांना दुकानातून बाहेर काढलं नाही, कारण ते तेव्हा प्रिंटआउटसाठी थांबले होते.

त्यांचं एक खरं असेल. ज्याला घाई आहे तो हे खेळ विकत घेणार नाही, आणि आता सगळ्यांनाच घाई आहे. मोठ्या कंपन्या ते बनवायचं सोडत आहेत, हे मलाही दिसतं. पण माणसाला एखाद्या खोलीत उभं राहून नीट बघायचं असतं, इथे कोण होतं, त्याने काय मागे ठेवलं. ती ओढ घाईने मरेल असं मला वाटत नाही. असले खेळ परत येतील, लहान खोल्यांत, दोन-तीन माणसं बनवतील, जसे आम्ही बनवत होतो. तोवर मशीनवर धूळ बसू देऊ नये, इतकंच मोनालीचं काम. श्री. रानडे यांना धीर शिकण्यासाठी एक जुना माऊस ठेवण्याचा माझा विचार होता. पण ते या कागदावर साक्षीदार व्हायला तयार झाले, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये म्हणतात, म्हणून तो विचार रद्द. सही करतो म्हणाले, पण उद्या बरोबर यायला नाही म्हणाले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो.

कलम ५. एक टॉर्च आणि एक लोखंडी पाचर. या वस्तू सध्या माझ्याजवळ आहेत. गेल्या आठवड्यात भंगार बाजारात जुना मॉनिटर बघताना मला संघदीपची ही टॉर्च दिसली. तिच्या दांड्याला निळ्या सुताची वेटोळी होती. घामाने हात सटकतो म्हणून आईने ती गुंडाळून दिली होती. तिची गाठ मी कुठेही ओळखीन. विकणारा रघुवीर नावाचा मजूर होता, मिल तोडायच्या कामावरचा. कुठे मिळाली विचारलं, तर म्हणाला, "चिमनी के पास वो तिरछा दरवाजा है न भिया, उसके अंदर. ये लोहा भी वहीं पड़ा था, टॉर्च के बाजू में." आणि पुढे? "आगे पानी है, हवा खराब है. हम नहीं गए."

मी दोन्ही घेऊन पंढरीनाथकाकांकडे गेलो. ते बॉयलरवर फायरमन होते, मिल बंद पडल्यावर देपालपूरला राहायला गेले होते, आता उपचारासाठी परत आले आहेत. टॉर्चकडे त्यांनी बघितलंही नाही. पाचर हातात घेतली आणि विचारलं, "ही कुठे सापडली म्हणालास?"

"दाराच्या आत."

"आत?" त्यांनी पाचर उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाले, "अरे, ही दाराखाली असायची. ते दार बिडाचं, आपल्या वजनाने मिटतं, आणि बाहेरची कडी आपोआप पडते. आतून त्याला धरायलाही काही नाही. आम्ही आधी पाचर मारायचो, मग वाकून आत जायचो. ही जर आत होती, तर दार कोणी धरलं होतं?"

मला तिथेच सगळं दिसलं. शेवटच्या पाळीने पाचर मारून अर्धवट उघडं ठेवलेलं दार, त्याखालून संघदीप वाकून आत शिरला. दाराखाली पाचर बसवलेली, कामाची, लोखंडी, छान वस्तू. दिसलं की उचल. वीव्हिंगच्या माणसाला बॉयलरचं दार काय माहीत. त्याने ती उचलली, पुढे कामाला येईल म्हणून.

टॉर्च विझेपर्यंत तो दारापाशी असेल. नंतर तो तिथे बसून राहिला नसणार, मी त्याला ओळखतो. दुसरा रस्ता असतोच, असं आम्ही दोघंच त्या खेळांतून शिकलो होतो. तो आत गेला असणार, चिमणीच्या दिशेने, अंधारात हाताने चाचपत. मला याचा विचार करवत नाही, आणि दुसरा कसला विचार येत नाही.

ठाण्यात पुन्हा गेलो. टॉर्चने काय सिद्ध होतं, असं मला विचारण्यात आलं. ठेकेदार म्हणाला, काम थांबलं तर नुकसान तुम्ही भरणार का. म्हणून मीच जातो आहे.

टॉर्च आईची. पाचर उद्या परत तिच्या जागी जाईल, दाराखाली.

कलम ६. उद्यासाठी सूचना. पंढरीनाथकाका दारापाशी बसतील आणि पाचरीवरून हात काढणार नाहीत. आधी दोराने कंदील आत सोडायचा. तो विझला तर मी जाणार नाही, असं काकांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे. मग माझ्या कमरेला दोर, त्याचं दुसरं टोक मानपूरहून येणाऱ्या मोनालीच्या हातात. मी तीन झटके दिले तर ओढायचं. दोर ढिला पडला आणि मी ओ दिली नाही, तर कुणीही माझ्यामागे आत येऊ नये. हे मोनालीला खास सांगतो, कारण ती येईल. येऊ नको. तू दार धर.

मी बाहेर आलो तर हा कागद माझ्याच हाताने फाडीन आणि शेवटची खोली स्वतः काढीन. नाही आलो, तर मोनालीने ती खोली काळीच ठेवावी. फक्त दाराखाली पाचर काढावी, आणि अशी व्यवस्था करावी की ती कुणालाच उचलता येणार नाही. खेळणाऱ्याने तिच्यावर कितीही क्लिक केलं, तरी एवढंच यावं: "राहू दे."

सही करण्याआधी एक गोष्ट लिहितो, ती आत्ताच घडली. उद्या मोनालीकडे मानपूरला चाललो, असं मी आईला सांगितलं होतं. हे कलम लिहीत असताना आतून कात्रीचा आवाज आला. जाऊन बघितलं, तर ती पेटी उघडून जमिनीवर बसलेली. लट्ठ्याचा तागा सुटलेला. त्यातून तिने दोन तुकडे कापून बाजूला ठेवले होते, माणसाच्या उंचीपेक्षा थोडे मोठे.

"पंढरीनाथ दुपारी सगळं सांगून गेला," ती म्हणाली. वर बघितलं नाही. "एक संघदीपसाठी घेऊन जा. नीट गुंडाळ."

मी विचारलं, "आणि दुसरा?"

"तो मी इथे पेटीवर ठेवते. उद्या संध्याकाळी मला त्याची घडी घालून परत आत टाकायची आहे." एवढं बोलून ती कात्रीला लागलेले धागे काढत बसली. मी वळलो तेव्हा तिने विचारलं, "सेव्ह केलंस?"

"करतोय."

"मग कर लवकर."

वर लिहिलेलं सर्व मी वाचून पाहिलं, ते माझ्या मर्जीचं आहे. खालील दोघांच्या समोर मी सही केली आणि माझ्या समोर त्यांनी.

ज्ञानदीप दगडू तायडे
(सही)

साक्षीदार:
१. पंढरीनाथ, निवृत्त फायरमन, सध्या मु. इंदूर (सही, आजारपणामुळे अक्षर वेडंवाकडं, माणूस तोच)
२. वेदांत रानडे, इंदूर (सही. उद्या सकाळी मीही येतो. दार धरायला दोघं असलेले बरे.)

ठिकाण: परदेशीपुरा, इंदूर
दिनांक: १६ नोव्हेंबर २००२, शनिवार