आधी धडा, मग पुस्तक

आण्णा, तुमचा विनोद माझ्या मोबाईलवर आला.

तुम्ही गेलात तेव्हा मी तिसरीत होते आणि मोबाईल कोणाकडंच नव्हता, म्हणून आधी तेच सांगते. हा हातात मावणारा फोन असतो. त्याच्यावर चिठ्ठीसारखं लिहून पाठवता येतं, आणि ज्याला मिळतं तो पुढं आणखी कोणाला पाठवतो. लोक दिवसभर हेच करतात. नवरा-बायकोचे विनोद, मास्तरांचे, आणि लेखकांचे पण. कोणी लिहिलं ते कोणालाच माहीत नसतं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. वाचायला लागले की माझे ओठ हलतात.

मी आता नाशकातच, अंबडला एका कंपनीत पॅकिंगला जाते. शाळा आठवीनंतर सोडली. आई सांगते, घरच्या अडचणीमुळं. तुम्हाला म्हणून सांगते, वर्गात उभं करून धडा वाचायला लावायचे आणि माझा आवाजच फुटायचा नाही. रद्दीवाल्याची पोरगी, पुस्तकांच्या ढिगावर झोपून मोठी झालेली, आणि पुस्तक हातात घेऊन उभी राहिली की मुकी. पोरं हसायची. मग मी जायचंच बंद केलं.

तर परवा डबा खायला बसलो होतो. माझ्या शेजारी बसते त्या ताईनं मोबाईल काढला आणि मोठ्यानं वाचलं, "शाळेत आधी पुस्तक, मग धडा. इथं आधी धडा, मग पुस्तक."

माझा घास तोंडातच राहिला. गंगापूर रोडचं आपलं दुकान डोळ्यांपुढं आलं. काळा रंग दिलेला पत्रा तुम्ही बाहेर टेकवून ठेवता, सकाळी झाडून झालं की खडूनं त्याच्यावर एक ओळ लिहिता, मागं सरकून स्वतःच हसता. "इथं कवी वाचत नाय, तोलतात." "जाड कादंबरीचं स्वागत हाय." कॉलेजची पोरं सायकल थांबवून वाचायची आणि तुम्ही लक्ष नसल्यासारखं सुतळी गुंडाळत बसायचे. हा धड्याचा विनोद तुमचा सगळ्यात आवडता. दर थोड्या दिवसांनी पुसून परत तोच लिहायचे.

"म्हंजे? इथं म्हंजे कुठं?" आमच्या लाईनवरची मावशी म्हणाली.

"काय की बाई," ताई म्हणाली. "समजलं नाय म्हंजे मोठ्या लेखकाचं असणार."

"रद्दीच्या दुकानात," मी म्हणाले.

सगळ्या माझ्याकडं वळल्या. मावशी म्हणते, "आगं बया, हिला बोलता येतं!"

आता तोंड उघडलंच होतं. दोन हातांत डब्याची दोन झाकणं घेतली आणि दाखवलं. ह्या पारड्यात रिकामी गोणी, त्या पारड्यात दगड. थोडं कमी पडलं तर पासंगाला खडा, आणि काटा मधोमध आला की धडा झाला. मग गोणीत पुस्तकं. मावशी रविवारी भाजी विकते, तिला लगेच कळलं. "तो धडा व्हय!" असं म्हणून ती इतकी हसली की ठसका लागला. मग मी म्हणाले, "हे माझ्या आण्णांचं आहे."

"हो का?" ताई म्हणाली. "अन् गंगापूरचं धरण माझ्या बापानं बांधलंय."

"राहू दे गं," मावशी म्हणाली. "पण पोरी, खाली नाव कुठंय त्यांचं?"

नाव नव्हतं. तुम्ही पत्र्यावर तरी कधी लिहिलं होतं? त्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसून मी एकच विचार करत होते, ही ओळ आली कशी असेल. खडूची ओळ, संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसलेली. एखाद्या पोरानं ती डोक्यात नेली असेल, होस्टेलात सांगितली असेल, कोणी लग्नात, कोणी एसटीत. दुकान गेलं, पत्रा गेला, तुम्ही गेलात, आणि ती तोंडातोंडी चालतच राहिली, माझ्याएवढी झाली. अंगावर काटा आला हो आण्णा. अख्ख्या नाशकातल्या फोनांत तुम्ही फिरताय आणि कोणाला पत्ता नाही.

मी ठरवलं, नाव घालून मीच पुढं पाठवायची. ओळ लिहिली, खाली तुमचं नाव लिहिलं. आणि मला ते गृहस्थ आठवले. स्वतःच्याच कवितांच्या पुस्तकाचे गठ्ठे रिक्षातून घेऊन आलेले, सुतळी पण न सोडलेली. बायको म्हणाली होती, आता घरात एक तर ही राहतील नाहीतर मी. तुम्ही म्हणालात, "साहेब, एक तरी ठेवा." ते म्हणाले, "मला पाठ आहेत हो सगळ्या." "मग एक म्हणा की." आणि काट्याजवळ उभं राहून त्यांनी कविता म्हटली. तुम्ही हात जोडल्यासारखे धरून ऐकत होता. संपल्यावर म्हणालात, "समजली नाय साहेब, पण लय भारी हाय." मग धडा केलात. ते बाहेरचा पत्रा वाचून डोळे पुसत हसत होते, आणि हसताहेत की रडताहेत ते मला कळत नव्हतं.

बसमध्येच मला त्यांच्यावरून एक ओळ सुचली. पण एका मेसेजात थोडीच अक्षरं बसतात. तुमचं नाव आणि ती ओळ, दोन्ही मावेनात. बस सातपूरला थांबली तरी मी बघतच होते. मग मी नाव पुसलं.

काल देवळ्याहून मामाच्या पोराचा मेसेज आला. मी त्याला पाठवलाच नव्हता, कुठून कुठून फिरून त्याच्याकडं गेला. "शाळेत आधी पुस्तक, मग धडा. इथं आधी धडा, मग पुस्तक. अन् लेखक? तो पासंगालाबी पुरत नाय." खाली विचारलंय, वाचला का, हसली का.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून उशीखालीच राहील. तेवढ्यासाठी खरं लिहिते. हसले, आण्णा. तुमच्या ओळीला हसले, पण माझ्या ओळीला जास्त हसले.