इंग्रजी पुस्तकात नसलेली गाडी

१२ जानेवारी १९५६
गाडी येऊन चार दिवस झाले. बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या लेकाने, अनंताने, मुंबईहून पाठवली. ड्रायव्हरने घरापुढच्या खळ्यात उभी केली, चावी माझ्या हातात दिली, भात जेवला आणि गेला. गाडी एवढीशी, की मोठ्या गाडीने घातलेलं पिल्लू वाटतं. बरोबर एक इंग्रजी पुस्तक. त्यात चित्रं आहेत, माणूस एकही नाही.
सून यशोदा सातवी पास, पण मराठी. तेव्हा आपलं पुस्तक आपणच करायचं ठरलं. सांगायचं मी, लिहायचं तिने. मी बोलते मालवणी, ती लिहिते शाळेतलं. म्हणजे या वहीत मी शुद्ध बोलणार. मी गेल्यावर लोकांना वाटेल, म्हातारी मास्तरीण होती.
अनंताचा निरोप: मी बोटीवरून येईपर्यंत गाडी झाकून ठेवा, हात लावू नका. तो येणार वैशाखात. चार महिने तर लोणच्याची बरणीसुद्धा कोणी झाकून ठेवत नाही.

१३ जानेवारी
झाकण काढलं.
पुढच्या बाजूला एक काळं बोंड आहे. ओढलं की बाहेर येतं, सोडलं की तिथेच राहतं. कशाचं ते कळलं नाही. पाच वेळा ओढलं. नात शालूने सहा वेळा.

१९ जानेवारी
कट्ट्याच्या बाजाराला या आठवड्यातही जाता आलं नाही. चाळीस वर्षं डोक्यावर माशांची पाटी घेऊन चालत गेले, आता गुडघे नाही म्हणतात. मोटारवाला पाटी बघितली की थांबवत नाही. वास येतो म्हणे. त्याच्या घरी काय मोगऱ्याचं कालवण करतात?
आणि इथे खळ्यात आपली गाडी उभी.
यशोदेला म्हटलं, "चेडवा, तू शिक." ती लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, "शालूचे बापूस काय म्हणतीत?" म्हटलं, तो दर्यात आहे, त्याला ऐकू येत नाही. लिही.

२३ जानेवारी
मिंगेलला बोलावलं. शेजारचाच. गोव्यात खाणीवर लॉरी चालवायचा, हद्द बंद झाली तसा घरी आला. एका डोळ्यात मोतीबिंदू आलाय म्हणून स्वतः चालवत नाही. तोंड मात्र शाबूत आहे.
"वैनीनू, कोणाक शिकवूचा?"
"हिका."
"आनी तुमी?"
"मी मागे बसान तुका नावां ठेवतलंय."
बोंडाचा उलगडा झाला. पहाटे गार हवा असते, तेव्हा ते ओढायचं, इंजिन लागलं की अर्धं आत, वाटेला लागलं की पूर्ण आत. म्हणजे पहाटे गाडीलाही चहा लागतो. तक्रार नाही.

१ फेब्रुवारी
यशोदा पहिल्यांदा खळ्यातून वाटेवर. माडाला लागली नाही. कुंपणाला थोडी.
आज सापडलेलं: १) वळायचं असलं की दाराच्या मागच्या खाचेतून लाल हात बाहेर येतो. उजवा नीट येतो. डावा अडकतो. मागे बसून खांबावर आतून थापड मारली की निघतो. ते काम माझ्याकडे. २) चाक पूर्ण डावीकडे फिरवलं की हॉर्न आपोआप वाजतो. मिं. म्हणाला, आत तार घासते, दुरुस्त करतो. मी म्हटलं राहू दे. डावीकडे बाजार आहे, लोकांना कळलेलं बरं.
३) पेट्रोल दाखवणारा काटा खोटं बोलतो. टाकीत माडाच्या पानाची हीर घालून बघायचं. बोटभर ओलं असलं तर कट्टा, दोन बोटं असलं तर कट्टा आणि परत.

७ फेब्रुवारी
मोठा शोध. आज गाडी धुतली. मागची बैठक ओढली तर अख्खी उचलून हातात. खाली सपाट जागा. दोन पाट्या शेजारी शेजारी मावतात, मी मोजून ठेवून बघितल्या. आणि जमिनीला रबरी बूच. काढलं की पाणी खाली वाळूत. होडीला असतं तसं.
इंग्रजी पुस्तकात बुचाचं चित्र नाही. पण ज्याने ही गाडी घडवली त्याच्या आईने मासे विकलेले आहेत, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.
मी कुठे बसणार? यशोदेच्या शेजारी. पुढे. पदर नीट घेऊन. विधवा बाई पुढे बसली म्हणून ज्याला काय बोलायचं असेल त्याने गाडीमागे धावत बोलावं.

१४ फेब्रुवारी
खाली पत्र्याला तांबेरा दिसला. समुद्राचं काम. होडीला काय लावतो? मुशी माशाचं तेल. मग तेच. आंबलेलं एक डबाभर तेल होतं, मी आणि यशोदेने पालथं पडून सगळीकडे चोपडलं. यशोदा म्हणाली चाकाच्या आत नको. मी म्हटलं आतच जास्त गंजतं. मी मुंडी हलवली तसं तिने लावलं. मिं. घाटाजवळच्या फोंड्याला गेलाय, मावसभावाकडे. नाही तर आधी त्याला विचारलं असतं. विचारलं नसतं बहुतेक.
संध्याकाळी खळ्यात अकरा मांजरं.

१६ फेब्रुवारी
चूक माझी. आधी हेच लिही. यशोदेची नाही.
तारकर्लीच्या वाटेने उतारावर गेलो. तिने ब्रेक दाबला, गाडी थांबली नाही. पुन्हा दाबला. गाडी खाली गेली, वाळूत शिरली आणि वाळत घातलेल्या रापणीत जाऊन अडकली. जाळं सगळीकडे, चाकांत, काचेवर, लाल हातात. कोणाला लागलं नाही. यशोदा शेवटपर्यंत चाक धरून होती, ओरडली नाही. मी ओरडले.
रापणकरी आले. शिव्या घालतील वाटलं. म्हातारा म्हणाला, "काकी, एवढो मोठो मासो आमच्या रापणीत अजून गावलो नव्हतो." जाळं सोडवायला उन्हं डोक्यावर आली. फाटलेलं मी स्वतः बसून विणून दिलं.


१८ फेब्रुवारी
मिं. आला. चाकं सोडली, आत वास घेतला, छातीवर क्रूस केला. "वैनीनू, हय तेल लायल्यार गाडी थांबात कशी? ब्रेकाक सुको ठेवचो आसता." रॉकेलने धुतलं, घासलं. खालच्या पत्र्याचं तेल मात्र तसंच राहू द्या म्हणाला, गंजणार नाही. म्हणजे अर्धी मी बरोबर होते. ते अर्धंही लिही.

२० फेब्रुवारी
दत्ताराम आला, दिराचा मुलगा, कुडाळला असतो. त्याला गाडी चालवता येते आणि गाडीवर डोळाही आहे. ती कुडाळला नेऊन भाड्याने फिरवायची, असं त्याचं ठरलेलं. आमचं ठरलेलं त्याने विचारलं नाही.
"काकी, ह्यां बायलमाणसांचा काम न्हय. वैनीन गाडी रापणीत घातली. मी अनंताक कळवतंय."
"कळव. माझोय आशीर्वाद कळव."
"चावी खंय आसा?"
"माझ्या कनवटीक. काढतंस?"
गेला.

११ मार्च
अनंताचं पत्र. यशोदेनेच वाचून दाखवलं, आवाज एकसारखा ठेवून.
ती. आईस शि. सा. नमस्कार. पत्र पोचताच गाडीची चावी दत्तारामकडे द्यावी. यशोदेने पुन्हा चाकाला हात लावू नये. गाडीत मासे घालण्याची कल्पना कोणाची?
उत्तर मी सांगितलं, तिने लिहिलं: कल्पना माझी. तेल मी लावायला लावलं, रापण तेलामुळे. चावी सुखरूप आहे. तुझी तब्येत सांभाळ.
पाकीट पोस्टात टाकून आली. मग चुलीपुढे बसून राहिली. विचारलं, "सोडून दितंस?" तिने लाकूड आत सारलं. मग, "मिंगेलमामांक सांगा, उद्या मागे घेवक शिकूचा आसा."

१५ मार्च
मागे घेणे. सकाळभर. कोंबड्या घरात.

२७ मार्च
परवान्याची परीक्षा. साहेब मालवणात आला होता, डाक बंगल्यावर. डोक्यावर टोपी, हातात फळी, बोलणं कचेरीतलं. यशोदा नऊवारीत, मी मागच्या बैठकीवर. उतरा म्हणाला. मी म्हटलं डावा हात माझ्याशिवाय निघत नाही. त्याला कळलं नाही पण बसू दिलं.
"बाई, डावीकडे वळा."
हॉर्न वाजला. मी खांबाला थापड मारली.
"हॉर्न का वाजवलात?"
"वाजवला नाही, वाजला."
"मागे ठोकतंय कोण?"
"सासूबाई."
"परीक्षा नक्की कोणाची आहे?"
यशोदा समोर बघत म्हणाली, "आज माझी, साहेब."
मग चढावर थांबवायला लावलं, पुन्हा उचलायला लावलं. गाडी बोटभरही मागे आली नाही. त्याने फळीवर काहीतरी लिहिलं. मिं. बंगल्याबाहेर फाटकाला धरून उभा होता, चांगला डोळा आमच्याकडे.

६ एप्रिल
परवाना आला. यशोदेचं नाव छापील नाही, हाताने लिहिलेलं, पण ठसठशीत. मी अक्षरावरून बोट फिरवलं. कुठलं य ते तिने दाखवलं.

१० एप्रिल
कट्टा.
पहाटे दोन पाट्या, ओली पोती वर. पोचलो तेव्हा बांगडे टक्क डोळे उघडे ठेवून होते. पूर्वी पोचायचे तेव्हा माझे आणि त्यांचे, दोघांचेही मिटायला आलेले असायचे. बाया पाटीभोवती कमी, गाडीभोवती जास्त. एक म्हणाली, "सुनेक ड्रायव्हर केलस गो?" म्हटलं, "तिनाच माका पाशिंजर केलान."
परत येताना वाट निराळी वाटली. विचारलं ही कुठली. "माका म्हायत नाय, आये. बघूया म्हटलंय."
बघितली. काजूच्या बागा होत्या. घरी उशिरा पोचलो.

१७ एप्रिल
कट्टा. सगळं संपलं. चढावर काच पुसणारी दांडी बंद पडते, उतारावर चालू होते. दव होतं. चढावर मी हात बाहेर काढून पदराने पुसलं.

२४ एप्रिल
कट्टा. दत्ताराम वाटेत भेटला, सायकलवर. हॉर्न वाजला. वळण डावीकडे होतं, आमचा दोष नाही.

२ मे
(हे मी माझं लिहिते आहे, आये झोपल्या आहेत. चावी परत द्यायची नाही. य.)
हे तिने काल लिहिलेलं आज वाचून दाखवलं. खोडू का विचारलं. म्हटलं, खोडलंस तर बघ.

१२ मे
अनंता आला. बोटीने, बंदरावर. आम्ही आणायला गाडी नेली. तो पडावातून उतरला, गाडी बघितली, यशोदेला चाकामागे बघितलं आणि ट्रंक घेऊन चालत घरी आला. आम्ही त्याच्या मागून, हळू. सगळं बंदर बघत होतं. शालू खिडकीतून बाबा बाबा करत होती, शेवटी त्याने तिला खिडकीतून उचलून घेतलं, पण चाललाच.

१३ मे
जेवताना बोलला.
"आये, बोटीर माझा नाव आसा. लोक म्हणतत, ह्याची बायल गाडयेतसून मासे इकता. हसतत."
"मी चाळीस वर्सां डोक्यार घेवन इकलंय, तेव्हा कोण हसलो?"
"ती गोष्ट येगळी."
"डोक्यार पाटी बरी दिसता. गाडयेत बसली की हसूक येता. व्हय?"
भात कालवत राहिला. म्हणाला, परवा दत्ताराम येतोय, चावी त्याला द्यायची. यशोदा वाढत होती. पळी भांड्यात ठेवली आणि परवाना आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवला. त्याने वाचला. उलटून पाठही वाचली. पाठ कोरी आहे.
हात धुवायला उठला. परवाना ओला होऊ नये म्हणून बाजूला सरकवला, एवढं मी बघितलं.

१५ मे, सकाळ
बाजाराचा दिवस. दत्तारामचाही.
पहाटे पाट्या घेऊन खळ्यात आलो तर अनंता गाडीत. चाकामागच्या बैठकीवर, दोन्ही हात चाकावर. त्याला चालवता येत नाही. जगभर हिंडला, चाळीस जणांच्या बोटीवर हुकूम सोडतो, पण ही एवढीशी त्याला येत नाही.
"आये, चावी दी."
"उतर."
"दत्तारामाक येवंदे, मग उतरतंय."
पाट्या मागे ठेवल्या, पोती घातली. मग मी बाजूच्या बैठकीवर बसले. यशोदा बाहेर दाराशी उभी. चावी माझ्या कनवटीला. ऊन माडांवर आलं. मी यशोदेला म्हटलं वही आण. तिने आणली, बॉनेटवर ठेवून आता लिहितेय. नुसतं बसून मासे काही ताजे होत नाहीत.
अनंता काचेतून बघतोय.
"काय लिवतंस गो?"
ती म्हणाली, "गाडयेचा पुस्तक. पयल्या दिवसापास्ना."
"तां इंग्रजी पुस्तक आसा मां?"
"त्यात ह्यां काय नाय."
बराच वेळ तो त्या काळ्या बोंडाकडे बघत बसला. ओढलं, तिथेच राहिलं. पुन्हा आत ढकललं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाचून दाखव."
यशोदा माझ्याकडे बघतेय. कुंपणापलीकडे दत्तारामच्या सायकलची घंटा वाजली.
मी म्हटलं वाच. बारा जानेवारीपासून, आणि एक ओळ गाळायची नाही. लिहिणं थांबव आता, वाच.